कॅम्प दोनला ठेवलेलं प्रस्थान

माणसाला परदेशात घेण्याआधी त्याची छाती बघतात, हे शिवराम शेलवल्यांना साठी उलटल्यावर कळलं. त्यांची समजूत होती की तिकडचे लोक डिग्री बघतात, इंग्रजी बघतात, फार तर चेहरा बघतात. पण त्यांची शलाका, म्हणजे उल्हासनगरातल्या एका खासगी हॉस्पिटलात रात्रपाळ्या करकरून डोळ्यांखाली काळं करून घेतलेली नर्स, ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाला अर्ज करून बसली आणि तिकडच्या सरकारनं आधी तिच्या फुप्फुसांचा फोटो मागितला. फोटोत उजवीकडे, वरच्या बाजूला, एक डाग निघाला.

डाग जुना होता. भरून आलेला, वाळलेला, कुणाचं काही वाकडं न करणारा. तो कुठून आला हे शलाकाला माहीत होतं, तिच्या आईला, चांगुणाबाईंना माहीत होतं आणि शिवरामभाऊंना तर सगळ्यांत जास्त माहीत होतं. शलाका लहान होती आणि सगळे अंबरनाथच्या चाळीत एका खोलीत राहत होते, तेव्हा शिवरामभाऊंचं अख्खं एक वर्ष छातीच्या दुखण्यानं खाल्लं होतं. पोर बापाच्या पोटावरच झोपायची. पुढे औषधं घेऊन ते खडखडीत बरे झाले, कारखान्यातून हार घालून निवृत्त झाले, बदलापूरच्या कडेला खरवईत फ्लॅट घेतला. पण त्या दुखण्याचं नाव घरात कुणी घेतलं नाही. अगदीच वेळ आली तर ‘पप्पांची छाती’ म्हणायचे. बाहेरच्यांना दमा सांगितला होता. दम्याला आपल्या समाजात मान आहे. त्या दुसऱ्या दुखण्याचं नाव निघालं की लोक तुमचा चहाचा कप वेगळा ठेवतात.

तर या डागापायी शलाकाची थुंकी तपासायला गेली. थुंकीत काही असेल तर ते उगवून यायची वाट बघतात, कुंडीत मेथी पेरून बघावी तसं. काही उगवलं नाही. पण बघण्यात कित्येक आठवडे गेले आणि शेवटी व्हिसा आला तो दोन अटी घेऊन. पहिली अशी की, तिकडे पोचल्यावर तिथल्या छातीच्या दवाखान्यात हजर होऊन पुन्हा तपासून घ्यायचं. दुसरी अशी की, अमुक तारखेच्या आत त्या देशात पहिलं पाऊल पडलं पाहिजे, नाही पडलं तर व्हिसा गेला. आणि ही तारीख व्हिसा मिळाल्यापासून नव्हे, तर एक्स-रे आणि बाकीच्या तपासण्या झाल्यापासून मोजलेली. म्हणजे थुंकीत काय उगवतंय हे बघत त्यांनी जे दिवस घालवले, ते शलाकाच्याच वाट्यातून गेले. शिवरामभाऊंनी आयुष्यभर सरकारी कारखान्यात नोकरी केली होती, त्यामुळे त्यांना यात काही चुकीचं वाटलं नाही. उलट ते सरकार आपल्याच पद्धतीनं चालतं हे बघून त्यांना थोडं बरं वाटलं.

मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात ती शेवटची तारीख शोधली. सर्वपित्री अमावस्या होती.

हॉस्पिटलवाले नोटिशीचा काळ पुरा केल्याशिवाय सोडायला तयार नव्हते. तो पुरा व्हायचा तेव्हा पितृपक्ष निम्मा सरलेला असणार. तिकीट मिळालं ते अमावस्येच्या आदल्या दिवशी पोचवणारं. त्याच्या आधीचं परवडत नव्हतं आणि नंतरचं उपयोगाचं नव्हतं. शलाकानं ते काढलंसुद्धा. तिनं दिवसभरात चार मरणं बघितलेली असायची, तिला पितरांचं भय वाटत नव्हतं.

भय इतरांना वाटलं. सोसायटीचे सेक्रेटरी हिरामण गोडांबे आधी डागाच्या चौकशीला आले. डाग कसला हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण डाग आहे हे कळलं होतं, आणि तेवढ्यावर त्यांनी अडुळशाचा रस, शेळीचं दूध आणि पहाटे उताणं झोपून दीर्घ श्वास असे उपाय दिले. त्यांचा भाचा दुबईला होता, म्हणून परदेश हा विषयही त्यांच्याच अखत्यारीत येत असे. “शेलवले, मी सांगतो, तिकडची माणसं तारखेला फार कडक. एक मिनिट उशीर झाला तर विमान आकाशातून परत फिरवतात.” शिवरामभाऊ ही असली माहिती कोरड्या चेहऱ्यानं ऐकत आणि रात्री कूस बदलत.

पण खरी तोफ अंबरनाथहून आली. शिवरामभाऊंची थोरली बहीण, बनूआत्या. पंचांग तिला तोंडपाठ आणि तोंड तर काय, चौकात हातगाडीवर भाजी घेतानाही बंद नसे.

“आरं शिवा, पितरांच्या पंधरवड्यात पोर समिंदरापार धाडतोस? डोकं ठिकाणावर हाय ना?”

“तारीखच तशी आहे, अक्का. सरकारनं दिलेली.”

“सरकारला काय, त्यांची पितरं तिकडंच गाडलेली. आपली हितं कावळ्याकडं बघत बसत्यात. त्यांच्या पुढ्यातनं पोर निघून गेली म्हंजी?” मग जरा थांबून ती म्हणाली, “तसा उपाय हाय. प्रस्थान ठेव.”

ज्यांच्या घरी ही चाल राहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. निघायला चांगला दिवस एक असतो आणि निघणं होतं भलत्याच दिवशी. तेव्हा चांगल्या दिवशी प्रवाशाची एखादी वस्तू, सोबत नारळ, सुपारी, हळदकुंकू आणि मूठभर तांदूळ, असं फडक्यात बांधून घराबाहेर दुसऱ्याकडे नेऊन ठेवतात. माणूस घरातच असतो, पण देवाच्या लेखी तो निघालेला असतो. मग खऱ्या दिवशी जाताना ते गाठोडं वाटेत उचलायचं आणि चालू लागायचं. फक्त ते परत घरात आणायचं नाही, आणलं तर निघणं मोडलं. आपल्या लोकांनी नशिबाला फसवायच्या ज्या युक्त्या काढल्या आहेत, त्यांतली ही सगळ्यांत सभ्य म्हणावी लागेल.

शिवरामभाऊंना ती फारच पटली. गणपती बसलेले होते. पितृपक्ष लागायच्या आत, एकादशीला, आत्यानं वेळ काढून दिली. ठेवायचं मात्र आत्याकडे नाही. “रक्ताचं घर म्हंजी आपलंच घर. परक्याकडं ठिव. आन् जायाच्या वाटंवर.” खरवईहून विमानतळाच्या वाटेवर परका आणि भरवशाचा असा एकच माणूस शिवरामभाऊंना आठवला. उल्हासनगर कॅम्प दोनमधले सिंधी व्यापारी चंदरशेठ. बॅगांचं दुकान. शिवरामभाऊंच्या लग्नातली पत्र्याची ट्रंक चंदरशेठच्या वडलांकडची होती आणि शलाकाची परदेशी जायची बॅगही आत्ताच त्यांच्याकडून घेतलेली होती.

आता प्रश्न आला, वस्तू कुठली ठेवायची. चांगुणाबाई म्हणाल्या ओढणी ठेवू. साधं होतं. ओढणी ठेवली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि बरं झालं असतं. पण शिवरामभाऊ कारखान्यात तपासनीस होते. आलेली वस्तू हीच खरी वस्तू आहे का, हे बघण्यात त्यांचा जन्म गेला होता.

“ओढणी काय, कुणाचीही असते,” ते म्हणाले. “विमानतळावर काय मागतात? पासपोर्ट. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे पासपोर्ट. मग प्रस्थान पासपोर्टचंच पाहिजे.”

“अहो, तिला विचारा तरी.”

“ती हसेल.”

शलाका कामावर होती. शिवरामभाऊंनी कपाटातून पासपोर्ट काढला. सोबत तो एक्स-रेही घेतला, कारण तिकडच्या दवाखान्यात तो दाखवायचा होता, म्हणजे प्रवासी तोही. मोठा लिफाफा घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्याला बांधला, वर तांबड्या फडक्याचं गाठोडं ठेवलं आणि रिक्षानं स्टेशन, तिथून पुढे उल्हासनगर गाठलं. वाटेत त्यांनी ते मांडीवर धरलं होतं, आणि ते उचलताना आपला हात जरा जास्तच घट्ट का झाला, याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

“अरे साईं, टेन्शन कायको?” चंदरशेठ म्हणाले. “मेरे पास बँक के लॉकर से जादा सेफ. कुठे ठेवू सांग. गल्ल्याजवळ नको, तिथे चहा सांडतो.” आणि त्यांनी गाठोडं, लिफाफा सगळं माळ्यावरच्या एका मरून सूटकेसमध्ये ठेवलं, चेन लावली. “आता पितर लागतील. पंधरा दिन कोई नया सामान लेता नहीं. दुकान समझो मंदिर.”

हे शिवरामभाऊंना शंभर टक्के पटलं. पितृपक्षात नवी बॅग कोण घेईल? ते निर्धास्त घरी आले. त्या रात्री त्यांना लगेच झोप लागली, आणि अशी झोप व्हिसाचं प्रकरण सुरू झाल्यापासून त्यांना पहिल्यांदाच लागली होती.

दिवस गेले. घरात बेसनाचे लाडू झाले, मेतकूट झालं, लोणच्याला तीनतीनदा प्लास्टिक गुंडाळलं. चांगुणाबाई काम करता करता मध्येच थांबून भिंतीकडे बघायच्या आणि पुन्हा लाडू वळायच्या. शिवरामभाऊ बॅगेचं वजन करत राहिले. घरातलं बोलणं सगळं किलोत चालायचं, कारण दुसरं काही बोलायला गेलं की कुणाचा तरी आवाज बदलायचा.

विमान उद्या रात्री, अशा सकाळी शलाका शेवटच्या ड्युटीला निघता निघता म्हणाली, “पप्पा, पासपोर्ट द्या जरा. चेक-इन करून टाकते.”

शिवरामभाऊंनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग सगळं सांगितलं.

शलाका हसली नाही. तेच वाईट झालं. “पप्पा,” ती म्हणाली, “चार वाजेपर्यंत मी कामावर आहे. तोवर पासपोर्ट मला हवा. नारळबिरळ तिथेच राहू दे.”

“घरी आणता येत नाही ना तो.”

“मग हॉस्पिटलात आणा.”

शिवरामभाऊ कॅम्प दोनला पोचले तेव्हा चंदरशेठ शिडीवर होते. खाली उतरले ते दुसऱ्याच माणसासारखे. माळ्यावर मरून सूटकेस नव्हती. निळी होती, राखाडी होती, मोरपिशी होती. चंदरशेठनी कामावरच्या मुलीला हाक मारली, तिनं पुतण्याला फोन लावला, आणि निष्पन्न असं झालं की चंदरशेठ एक दिवस श्राद्धाला गेले असताना पुतण्यानं ती विकली. न उघडता, सवलतीत, आनंदानं.

“पण पितृपक्षात?” शिवरामभाऊ म्हणाले. “पितृपक्षात बॅग घेतली कोणी?”

“जो पितृपक्ष मानत नाही त्यानं,” चंदरशेठ खिन्नपणे म्हणाले. “अंबरनाथ का पार्टी है. बौद्ध लोक आहेत, अच्छे लोग. हर साल याच टाइमला येतात. बोलतात, भाव पडलेला असतो, गर्दी नसते, आरामसे बघता येतं. शहाणे लोक आहेत, साईं. मंदिर नव्हतं ना माझं दुकान, सेल होता.”

शिवरामभाऊ बॅगांच्या ढिगावर बसले. सगळ्या जगानं पितृपक्ष पाळावा असं धरून त्यांनी मुलीचा पासपोर्ट माळ्यावर टाकला होता, आणि जगातल्या निम्म्या लोकांचा पितरांशी काही संबंध नव्हता. एवढी साधी गोष्ट, अंबरनाथच्या चाळीत गांगुर्ड्यांसारखे बौद्ध शेजारी असताना इतकी वर्षं काढूनही, ऐन वेळेला त्यांच्या डोक्यात आली नव्हती. माणसं शेजारी असतात आणि आपण आपल्याच कॅलेंडरात राहतो.

त्यांनी हिरामण गोडांब्यांना फोन केला. हा त्या दिवसाचा दुसरा मोठा घोटाळा. “पोलिसात जाऊ का?” असं त्यांनी विचारलं.

“वेडे का खुळे! हरवल्याची तक्रार नोंदली की पासपोर्ट बाद. मग सापडला तरी उपयोग नाही. मेलेला माणूस उठून आला तर त्याला कोण ओळखतं? पोलिसांच्या हातात पडूच देऊ नका.”

बॅगेचे पैसे फोनवरून आले होते, त्यामुळे चंदरशेठच्या फोनवर गिऱ्हाइकाचं नाव दिसत होतं : मिलिंद उबाळे. नंबर अर्धा झाकलेला. चंदरशेठच्या डोक्यात कल्पना आली की त्याला एक रुपया परत पाठवायचा आणि रुपयाबरोबर निरोप लिहायचा. शिवरामभाऊंनी चष्मा सावरून मराठीतून सविस्तर निरोप लिहिला की तुम्ही घेतलेल्या मरून बॅगेत माझी मुलगी शलाका हिचा पासपोर्ट असून कृपया तातडीने संपर्क साधावा. रुपया गेला. निरोपाला जागा थोडी असते हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. पलीकडे एवढंच पोचलं : ‘तुम्ही घेतलेल्या मरून बॅगेत माझी मुलगी’.

उत्तर आलं नाही. शिवरामभाऊंना हिरामण आठवले. त्यांनी दुसरा रुपया पाठवला : ‘कृपया पोलिसांकडे जाऊ नये’.

तासाभरात चंदरशेठना अंबरनाथच्या एका पोलीस चौकीतून फोन आला.

चौकीत टेबलावर मरून सूटकेस उघडी पडली होती. तिच्यात तांबडं फडकं, सुपारी, तांदूळ, पासपोर्ट आणि लिफाफा. बाजूला एक चाळिशीचा शांत माणूस बसला होता, बँकेत कारकून असावा असा, आणि तो होताही. समोर फौजदार मॅडम. कामाचा राग त्या घरी नेत नसाव्यात, चौकीतच ठेवत असाव्यात, कारण तो भरपूर शिल्लक होता.

“तुमची मुलगी कुठे आहे?” त्यांनी शिवरामभाऊंना विचारलं.

“कामावर.”

“कामावर कुठे? बॅगेत?”

“नाही, मॅडम, बॅगेत तिचं प्रस्थान आहे.”

मॅडमनी हवालदाराकडे बघितलं. हवालदारानं लिहायला घेतलं. शिवरामभाऊंनी कारखान्यात एवढी वर्षं नोकरी केली, एक मेमो घेतला नाही, आणि आज त्यांना चौकीच्या बाकावर बसवून प्रस्थानाची व्याख्या विचारली गेली. त्यांनी ती देवापासून सुरू केली. चंदरशेठ मध्ये मध्ये “साईं, सच बोल रहा है” म्हणत होते, त्यानं संशय वाढत होता. मॅडमनी एक्स-रे काढून ट्यूबलाइटकडे धरला. चौकीतल्या सगळ्यांना शलाकाच्या फासळ्या दिसल्या, आणि उजवीकडे, वर, तो डाग.

“हे काय आहे?”

“जुनं आहे,” शिवरामभाऊ म्हणाले.

“कसलं जुनं?”

“छातीचं.”

मिलिंद उबाळे तेव्हा पहिल्यांदा बोलले. “मॅडम, हे गृहस्थ खरं सांगतायत असं मला वाटतं. आम्ही काल रात्री बॅग उघडली तेव्हा हे निघालं. आमच्या मजल्यावरच्या बायका म्हणाल्या करणी केलीय, हात लावू नका. मी म्हटलं, करणीला कोणी पासपोर्ट ठेवत नाही. रविवारी दुकानात परत देणारच होतो. पण मग तो रुपया आला.” ते शिवरामभाऊंकडे वळले. “माफ करा, काका. नारळ आम्ही फोडला. सकाळी इडलीबरोबर चटणी केली. चांगला निघाला होता.”

“मुलीला हजर करा,” मॅडम म्हणाल्या. “जिवंत बघते, मग पासपोर्ट देते.”

शलाका हॉस्पिटलच्या कपड्यांतच आली. केस सुटलेले, हातावर शेवटच्या दिवसाच्या केकचं क्रीम. मॅडमनी पासपोर्टवरचा फोटो आणि ती, दोन्ही बघितले, दोन कागदांवर सह्या घेतल्या आणि पासपोर्ट, लिफाफा, गाठोडं सगळं तिच्या हातात दिलं. सुटलो असं शिवरामभाऊंना वाटलं. तेवढ्यात शलाका त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

“पप्पा, एक विचारू? मुद्दाम केलंत का?”

हवालदाराचं पेन थांबलं.

शिवरामभाऊंना संताप यायला हवा होता. आला नाही. मुद्दाम केलं नाही, हे त्यांना छातीवर हात ठेवून सांगायचं होतं, पण हात तिथपर्यंत जाईना. पोर जाऊ नये असं त्यांना रोज वाटत होतं. सकाळी उठल्यावर वाटायचं, बॅगेचं वजन करताना वाटायचं, आणि गाठोडं माळ्यावर गेलं त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली होती. ती झोप कसली होती, हे आत्ता या बाकावर बसून त्यांना ठरवता येईना. त्यांनी नुसती मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते शलाकालाही कळलं नाही.

बाहेर आल्यावर मिलिंद समोरच्या दुकानात गेले आणि एक नारळ घेऊन आले. तो शिवरामभाऊंच्या हातात देत म्हणाले, “आमचा यावर विश्वास नाही. पण तुमचा होता, आणि खाल्ला आम्ही. ताई, नीट जा. जय भीम.”

बनूआत्यानं फोनवर निकाल दिला की नारळ खाल्ला गेला म्हणजे प्रस्थान मोडलं, आता पोरीला पासपोर्टसकट घरी न्यायला हरकत नाही, आणि जे व्हायचं ते पितरांच्या हाती. म्हणून शलाका त्या रात्री घरी जेवली. दुसऱ्या दिवशी आईनं हातावर दही घातलं, मिलिंदचा नारळ आणि गाठोड्यातली सुपारी, तांदूळ बॅगेत टाकले, आणि गाडी कॅम्प दोनला न थांबता निघून गेली. विमानतळाच्या दारात शलाका म्हणाली, “काल चौकीत बोलले ते मनावर घेऊ नका.” शिवरामभाऊ म्हणाले, “बॅगेचं चाक जरा अडकतंय, सांभाळ.” त्यांना म्हणायचं होतं ते हे नव्हतं. पण म्हणायचं होतं ते काय होतं, तेही त्यांना कुठं माहीत होतं?

ती वेळेत पोचली. अमावस्येच्या आदल्या दिवशी तिचं पाऊल त्या देशात पडलं. विमान कुणी आकाशातून परत फिरवलं नाही, याचं हिरामणना किंचित वाईट वाटलं.

पुढे एका संध्याकाळी तिचा फोन आला, तेव्हा घरात हिरामण चहाला बसले होते, त्यांची बायको होती, बनूआत्याही आलेली. चांगुणाबाईंनी सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा करून फोन टीपॉयवर ठेवला. शलाका छातीच्या दवाखान्यातून बोलत होती. अटीप्रमाणे हजर झाली होती.

“पप्पा, इथल्या डॉक्टर विचारतायत, घरात कुणाला झाला होता? नाव, साल, आणि औषधं पूर्ण केली होती का? औषधं पुरी झालेली असतील तर त्यांचं काम सोपं होतं.” ती थांबली. “मी काय सांगू?”

तिला सगळं माहीत होतं. तिनं स्वतःच सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण ती विचारत होती.

चांगुणाबाईंचा हात फोनचा आवाज बारीक करायला पुढे झाला. शिवरामभाऊंनी तो धरला.

“टीबी,” ते म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, कारण देश लांब होता. “मला झाला होता. तू शाळेत जायच्या आधी. औषधं पूर्ण केली, एक गोळी चुकवली नाही. सांग त्यांना, बापाचा आहे तो डाग.”

हिरामणनी कप खाली ठेवला. मग, काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उचलला आणि उरलेला चहा पिऊन टाकला. पलीकडे शलाका कुणाशी तरी इंग्रजीत बोलली. मग म्हणाली, “झालं, पप्पा. काही काळजी नाही म्हणतायत. फक्त अधूनमधून येऊन दाखवायचं. त्यांनी माझी फाईल उघडलीय.”

चांगुणाबाईंनी विचारलं, “लाडू उरलेत का गं?”

“आई, तुला सांगितलंच नाही मी. विमानतळावर सगळं काढून घेतलं. इथे बाहेरचं काही आत येऊ देत नाहीत. लाडू, मेतकूट, सुपारी, ते तांदूळ. मिलिंददादांचा नारळसुद्धा. माझ्यासमोर डब्यात टाकलं.”

चांगुणाबाई पदराशी चाळा करत राहिल्या. बनूआत्या फोनकडे वाकली. “म्हंजी घरचं काहीच आत गेलं न्हाय व्हय गं पोरी?”

शलाकाचा श्वास तेवढा ऐकू येत होता, छातीच्या दोन्ही बाजूंनी, स्वच्छ.

“एक गेलं,” शिवरामभाऊ छातीवर हात ठेवून म्हणाले, आणि खोकायचं म्हणून उठून बाल्कनीत गेले. खोकला मात्र आला नव्हता.